इलेक्ट्रिक कार घ्यायची का? शोरूमला जाण्याआधी हे दोन प्रश्न सोडवा

मागच्या दिवाळीत साताऱ्याला घरी गेलो होतो. बाबा नुकतेच रिटायर झालेत आणि पीएफच्या पैशातून त्यांना आयुष्यातली पहिली नवी कार घ्यायची होती. फराळाची ताटं उचलायच्या आधीच त्यांनी माझ्यासमोर एक माहितीपत्रक ठेवलं. इलेक्ट्रिक कार, एका चार्जमध्ये साडेचारशे किलोमीटर.

"अरे, म्हणजे पुण्याला दोनदा जाऊन येऊन एकदाच चार्जिंग. पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको. तू इंजिनिअर आहेस, सांग, घेऊ का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाड्यांचा नाही. पण घरच्यांना हा फरक कधीच मान्य नसतो. शिवाय प्रश्न आयुष्यभराच्या बचतीचा होता, त्यामुळे "घ्या की, भारी असते" असं बोलून मोकळं होता येत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मला महिनाभर द्या."

त्या महिन्यात मी वाचलं, हिशोब मांडले आणि मित्राची ईव्ही मागून पुणे-सातारा करून पाहिलं. त्यातून जे समजलं ते इथे सोप्या भाषेत सांगतो. चला, सुरुवात त्या साडेचारशेच्या आकड्यापासून करूया.

जाहिरातीतला आकडा येतो कुठून?

पुण्यात कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीला अर्धं शहर "एआरएआय टेकडी" म्हणतं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, की देशात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांची मायलेज आणि रेंजची चाचणी याच संस्थेत होते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलर्सवर उभी करतात, चाकं जागेवरच फिरतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त केला जातो. या वेळापत्रकाचं नाव एमआयडीसी. चाकणची एमआयडीसी नव्हे बरं का! मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. तिचे दोन भाग आहेत. शहरी भागात वेग ५०च्या वर जात नाही, दुसऱ्या भागात ९०च्या वर जात नाही. दोन्ही मिळून सरासरी वेग ताशी साधारण ३२ किमी पडतो. एसी बंद, घाट नाही, समोरून वारा नाही, डिकीत आईने दिलेली तांदळाची गोणी नाही.

हा आकडा खोटा नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर दिला, तर तुलना करता येते, एवढाच त्याचा उपयोग. पण बोर्डाच्या मार्कांवरून कोण ऑफिसात कसं काम करेल हे जसं कळत नाही, तसंच हे.

कंपन्यांनाही हे माहीत आहे. टाटा कर्व्हच्या ५५ केडब्ल्यूएच बॅटरीच्या मॉडेलचा जाहीर आकडा ५८५ किमी होता. त्याच कंपनीने सांगितलेला प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज होता ४०० ते ४२५ किमी. जाहीर आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. माहितीपत्रकात आता "पी१+पी२" असंही दिसतं. त्याचा अर्थ, चाचणीचे दोन्ही भाग मोजलेत. तो आकडा जरा जास्त विश्वासाचा. नुसता मोठा आकडा दिसला, तर खालची बारीक अक्षरं वाचा.

केडब्ल्यूएच म्हणजे काय?

फोनची बॅटरी आपण एमएएचमध्ये मोजतो, कारची केडब्ल्यूएचमध्ये. एक केडब्ल्यूएच म्हणजे आपल्या लाईटबिलातलं एक युनिट, बस्स. पाच हजार एमएएचच्या फोनमध्ये साधारण ०.०१९ युनिट वीज मावते. ४० केडब्ल्यूएचच्या कारमध्ये ४० युनिट. म्हणजे गाडीच्या पोटात दोन हजारांहून जास्त फोन भरलेत असं समजा.

आता खरी गंमत. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. या हिशोबाने ४० युनिटची ती महागडी, जड बॅटरी म्हणजे जेमतेम साडेचार लिटर पेट्रोल! साडेचार लिटरमध्ये पेट्रोल कार ६५-७० किमी जाईल. ईव्ही तेवढ्याच ऊर्जेत अडीचशेच्या पुढे जाते.

कारण पेट्रोल इंजिन मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून फेकून देतं. बॉनेटवर हात ठेवा, तुमचे पैसे तिथे तापलेले असतात. चाकांपर्यंत साधारण पाव हिस्सा पोचतो. इलेक्ट्रिक मोटर मात्र ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांना देते. त्यात सिग्नलला उभी असताना ती इंधन जाळत नाही, आणि ब्रेक लावताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत बॅटरीत भरते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात.

घाटात हे छान दिसतं. माणसांसकट १८०० किलोची गाडी ३०० मीटर उंच चढवायला साधारण दीड युनिट लागतं. उतरताना पेट्रोल कारला त्यातलं काहीच परत मिळत नाही, उलट ब्रेक तापतात. ईव्हीला बऱ्यापैकी भाग परत मिळतो. खंबाटकी चढताना बॅटरीचा टक्का भराभर उतरत होता तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. पलीकडे उतार लागल्यावर तो टक्का थांबला आणि मी पण शांत झालो.

शहरात राजा, हायवेवर प्रजा

पेट्रोल कार हायवेवर जास्त मायलेज देते, शहरात कमी. ईव्हीचं बरोबर उलटं. शहरातल्या थांबा-चला ट्रॅफिकमध्ये ती खूश असते, हायवेवर तिची रेंज पटपट संपते.

याला जबाबदार आहे हवा. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढला, पण हवेचा विरोध ५० टक्क्यांहून जास्त वाढला. पेट्रोल इंजिन शहरात इतकं वाया घालवतं, की हायवेवर ते तुलनेने सुधारल्यासारखं वाटतं. ईव्ही मुळातच कमी वाया घालवते, त्यामुळे हवेशी झगडताना जाणारी वीज लगेच डोळ्यात भरते.

म्हणून ज्याची रेंज विचारताय त्याला हेही विचारा, "शहरात का हायवेला? किती वेगाने? एसी लावून?"

आमची पुणे-सातारा ट्रिप

मित्राच्या गाडीची बॅटरी ४० युनिटच्या आसपासची. वाकडहून १०० टक्के करून निघालो. तिघं जण, एसी चालू, वेग ९० ते १००. साधारण १२० किमीवर घरी पोचलो तेव्हा ५५ टक्के शिल्लक होते. म्हणजे १८ युनिट खर्च, एका युनिटला साडेसहा किमीपेक्षा थोडं जास्त. पूर्ण बॅटरीत २६५ किमी. बाबांनी आकडा ऐकला आणि माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

खरा धडा पुढे आहे. शनिवारी सगळे सज्जनगडावर जाऊन आलो, बॅटरी ४३ टक्क्यांवर आली. म्हटलं, रात्री घरच्या गीझरच्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटला लावून ठेवू. सोबतचा पोर्टेबल चार्जर जोडला आणि लाल दिवा लागला. चार्जिंग सुरूच होईना. आमचं घर जुनं आहे. वायरमनने फोनवरच विचारलं, "अर्थिंग कधी तपासलंय?" कधीच नाही! ईव्हीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग करायला नकार देतो. आणि ते चांगलंच आहे, कारण तासन्‌तास तीन किलोवॅट ओढताना शॉक बसायचा किंवा वायर जळायची शक्यता असते. पण रविवारी कोण येणार दुरुस्त करायला?

रविवारी संध्याकाळी हायवेवर चार्जर शोधला. ॲपवर पहिला "उपलब्ध" दाखवत होता, जाऊन बघतो तर स्क्रीन काळी. दुसऱ्याच्या पुढे एक गाडी आधीच लागलेली. पाऊण तास वाट पाहिली, मग आपलं चार्जिंग ३५ मिनिटं. सोळा युनिट भरली, साडेतीनशे रुपये गेले, वाकडला पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

मित्र मात्र निवांत होता. म्हणाला, "मी हे वर्षातून चार वेळा करतो. बाकी दिवस गाडी पार्किंगमध्ये रात्री चार्ज होते, मला आठवतही नाही." या एका वाक्यात सगळं उत्तर आहे, पण ते समजायला हिशोब करावा लागतो.

किलोमीटरला किती रुपये?

खालचे भाव आणि मायलेज मी धरलेले आहेत. तुमच्या शहराचे आणि तुमच्या गाडीचे आकडे टाकून फोनच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा.

- पेट्रोल: लिटर १०४ रुपये, प्रत्यक्षात १५ किमी. किमीला साधारण ७ रुपये.
- स्ट्राँग हायब्रिड: तेच पेट्रोल, प्रत्यक्षात २१ किमी. किमीला ५ रुपये.
- सीएनजी: किलो ९० रुपये, प्रत्यक्षात २४ किमी. किमीला पावणेचार रुपये.
- ईव्ही, घरी चार्ज: युनिट १० रुपये. चार्ज होताना १०-१२ टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरच्या एका युनिटला ५.७ किमी. किमीला पावणेदोन रुपये.
- ईव्ही, बाहेर फास्ट चार्ज: युनिट २२ रुपये. किमीला साडेतीन ते पावणेचार रुपये.

शेवटच्या दोन ओळी परत वाचा. गाडी तीच, बॅटरी तीच, पण प्लग कुठे लावता यावर खर्च दुप्पट होतो. आणि कायम बाहेरच चार्ज करणार असाल, तर तुम्ही सीएनजीच्या खर्चात येऊन बसलात. सीएनजीची रांग चुकवायला गेलात आणि चार्जरच्या रांगेत उभे राहिलात!

अजून एक बारकावा. घरगुती वीज स्लॅबमध्ये असते. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात आणि ३००च्या वर दर चांगलाच चढतो. महिन्याला हजार-बाराशे किमी गाडी चालली तर बिलात दोनशे युनिट वाढतात. म्हणजे तुमचं आजचं बिल २०० युनिटचं असेल, तर गाडीमुळे वरचा टप्पा लागतो. युनिट १५ रुपयांनी पडलं तर किमीला अडीच रुपयांच्या वर जाल. तरी स्वस्तच, पण शोरूममध्ये सांगतात तेवढं नाही. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळ्या दराचं स्वतंत्र कनेक्शनही मागता येतं. जास्त रनिंग असेल तर ती चौकशी जरूर करा.

मग जास्तीचे पैसे वसूल कधी होतात?

ईव्हीवर जीएसटी फक्त ५ टक्के आहे (१ ऑगस्ट २०१९ पासून, आधी १२ होता). तरीही बॅटरीमुळे ती त्याच आकाराच्या पेट्रोल कारपेक्षा महागच पडते. आम्ही बघितलेल्या दोन गाड्यांमध्ये फरक साधारण ३ लाखांचा होता. घरी चार्ज केली तर पेट्रोलच्या तुलनेत किमीला सव्वापाच रुपये वाचतात.

बाबांचं रनिंग: रोज बाजार, बँक, मित्रमंडळी मिळून १० किमी, आणि महिन्यातून एकदा पुणे. वर्षाला जेमतेम ६ हजार किमी. बचत ३१ हजार. तीन लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षं.

माझं रनिंग: ऑफिसला जाऊन-येऊन ४६ किमी, वर अधूनमधून सातारा. वर्षाला १४ हजार किमी. घरी चार्ज केली तर बचत ७३ हजारांच्या आसपास. चार वर्षांत वसूल. पण सगळं चार्जिंग बाहेर केलं तर तेच साडेसहा वर्षांवर जातं, शिवाय दर आठवड्याला चार्जरपाशी जाणारे तास वेगळे.

आणि इथे मला हसू आलं. बाबांकडे स्वतःचं अंगण आहे, सॉकेट आहे (अर्थिंग दुरुस्त केलं की झालं), पण रनिंग नाही. माझ्याकडे रनिंग आहे, पण सॉकेट नाही. मी राहतो सातव्या मजल्यावर, पार्किंग दुसऱ्या बेसमेंटला आणि तिथे एकही पॉइंट नाही.

म्हणून शोरूमला जाण्याआधी सोडवायचे दोन प्रश्न हेच:

१. माझी गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथे माझ्या मीटरचा प्लग येऊ शकतो का?
२. माझं वर्षाचं रनिंग १० हजारांच्या वर आहे का?

दोन्हीला "हो" असेल तर ईव्ही डोळे झाकून नाही, पण आनंदाने बघा. एकालाच "हो" असेल तर थांबा, हिशोब करा. दोन्हीला "नाही" असेल तर सध्या साधी मायलेजवाली गाडी बरी.

हायब्रिड: मधला रस्ता

प्लग नाही, पण शहरात रनिंग खूप आहे, अशांसाठी स्ट्राँग हायब्रिड आहे. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किमी आहे. यात छोटी बॅटरी आणि मोटर असते. सिग्नलवरून निघताना, हळू चालताना मोटर काम करते, इंजिन बंद राहतं. ब्रेकमधली ऊर्जा परत बॅटरीत जाते. प्लग लावायचाच नसतो. हायवेवर मात्र इंजिनच बहुतेक काम करतं, त्यामुळे तिथे फायदा कमी.

सावधान, "माइल्ड हायब्रिड" हे वेगळं प्रकरण आहे. त्यातली मोटर इंजिनला फक्त थोडा हात देते, एकटी गाडी ओढत नाही. नावात हायब्रिड आहे म्हणून लिटरला सत्तावीसची अपेक्षा ठेवू नका. शोरूममध्ये सरळ विचारा, "इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर गाडी चालते का?" उत्तर "नाही" आलं तर ती माइल्ड.

"वीज तर कोळशाचीच ना?"

हा प्रश्न प्रत्येक कट्ट्यावर निघतो आणि तो योग्य आहे. आपल्या देशात सर्वांत जास्त वीज अजूनही कोळशापासूनच येते. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. मग ईव्हीचे किमीला साधारण १२० ग्रॅम होतात. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो तयार होतो, म्हणजे १५ च्या मायलेजला किमीला १५० ग्रॅमच्या वर. आणि २१ देणारी हायब्रिड? ११० ग्रॅम. पेट्रोल शुद्ध करायला आणि पंपापर्यंत आणायला लागणारी ऊर्जा यात धरलेली नाही, तशीच बॅटरी बनवतानाचं प्रदूषणही धरलेलं नाही.

म्हणजे आजच्या विजेवर ईव्ही पेट्रोलपेक्षा चांगली आहे, पण जादूची कांडी नाही. फरक पुढे पडतो. आज घेतलेली पेट्रोल कार दहा वर्षांनीही तेवढाच धूर सोडेल. ईव्ही मात्र ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तशी आपोआप स्वच्छ होत जाईल. आणि सिग्नलला मागे उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर ती आजही धूर सोडत नाही. छतावर सोलर असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

बॅटरीबद्दल दोन शब्द

फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, मग कारचं काय, ही भीती मलाही होती. कारच्या बॅटरीला तापमान सांभाळणारी यंत्रणा असते आणि ती फोनसारखी रोज शून्य ते शंभर होत नाही. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देतात. फोनसारखी एक गोष्ट मात्र खरी आहे: ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं. म्हणून प्रवासात ८० ला प्लग काढा आणि निघा, मागचे लोक दुवा देतील. जुनी ईव्ही घेत असाल तर किलोमीटरपेक्षा बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट आधी मागा.

शेवटी आम्ही काय केलं?

बाबांनी छोटी पेट्रोल कार घेतली आणि वाचलेले तीन लाख एफडीत ठेवले. थोडे हिरमुसले होते, कारण हिरव्या नंबरप्लेटची हौस होती. पण डिलिव्हरीच्या दिवशी म्हणाले, "बरं झालं, पैसे गाडीत अडकवले नाहीत." घरचं अर्थिंग मात्र त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात करून घेतलं. गीझरही इतकी वर्षं तसाच चालला होता, हे लक्षात आल्यावर आईची झोप उडाली होती.

मी सोसायटीला अर्ज दिलाय. माझ्या मीटरपासून बेसमेंटपर्यंत स्वतःच्या खर्चाने केबल टाकायची, मंजूर भार वाढवून घ्यायचा, वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करायचं, असं सगळं लिहून दिलं. स्वतःच्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुभा आहे, तेही जोडलं. पहिल्या मीटिंगमध्ये "आग लागली तर?" यावर तासभर चर्चा झाली आणि विषय पुढे ढकलला. पुढच्या मीटिंगला मी एकटा नसेन, अजून चार फ्लॅटवाल्यांनी सह्या केल्यात.

केबल आली तर ईव्ही घेईन. नाही आली तर अजून काही वर्षं ऑफिसची बस. तोपर्यंत तुम्हीही एक काम करा. आज रात्री पार्किंगमध्ये जा, तुमच्या जागेपासून सर्वांत जवळचा मीटर किती पावलांवर आहे ते मोजा. ईव्हीच्या अभ्यासाची सुरुवात यूट्यूबच्या रिव्ह्यूपेक्षा तिथून केलेली बरी.